बिननावाचा तास

पाळीपत्रकात आठ दिवसांचे एकशे ब्याण्णव तास.
एकशे एक्याण्णव तासांपुढं नावं आहेत.
भुपाल चौगुले, तीन तास, द्राक्षं.
इलाही मुलाणी, चार तास, ऊस आणि घास.
शेवंता लोहार, एक तास, तेवढाच तिचा तुकडा.
पाचव्या रात्री दोन ते तीन :
पुढं काही नाही.

दादू कोळेकरांनी दाराची किल्ली दिली
तेव्हा त्या ओळीवर बोट ठेवलं होतं.
"हितं लिवायचं न्हाई.
दार उघडायचं आन् बाजूला हुयाचं."
का, ते मी विचारलं नाही.
एकवीस वर्षं उघडतोय,
आणि उघडून घरी जातोय.

जनसुनावणी स्टेशनमागच्या शाळेत झाली.
मांडव कंपनीचा,
पाण्याच्या बाटल्याही कंपनीच्याच.
कोळसा वाघिणींतून येणार, इथं उतरणार,
इथून ट्रकनं बॉयलरांकडं जाणार.
"नुसता उतरणार," साहेब म्हणाले, "जळणार नाही."
आणि धूळ बसवायला
पाणी, दिवसाला तीनशे घनमीटर.
"म्हंजी किती?" मुलाण्यांनी विचारलं.
तीन लाख लिटर, असं उत्तर आलं,
आणि मांडवात कुणीतरी
हातातल्या बाटलीचं झाकण परत लावलं.

चौगुल्यांनी बेदाणे आणले होते.
मागल्या मार्चात वीस वाघिणी उतरल्या, तेव्हाचे.
पांढऱ्या रुमालावर चोळून दाखवले.
रुमाल काळा झाला.
साहेबांनी एक तोंडात टाकला.
"गोड आहे," म्हणाले.

कंपनीच्या बाई वाईट नव्हत्या.
माझी वही त्यांनी ओल्या हातानं धरली नाही,
आधी पदराला हात पुसले.
अक्षराचं कौतुक केलं.
मग नख एका ओळीवर थांबलं.
"हा तास कुणाचा?"
"कुणाचाच नाही," मी म्हणालो.
खरं बोललो.

इतिवृत्तात आलं :
पाटकऱ्याच्या कबुलीनुसार, शिल्लक.

एका तासानं त्यांचं भागत नाही,
हिशेब मलाही येतो.
पण दारात पाय अडकवायला
एवढी फट पुरते.

येताना शेवंताक्का बोलली नाही.
रेल्वे फाटक पडलं होतं, तिथं बोलली.
"कुणाचाच न्हाई कशाला म्हणलास?
सगळ्यांचा म्हणायचं."
"सगळ्यांचा असा रकाना नाही, आक्का."
"मग वही फाड."
मालगाडी गेली. मी डबे मोजत राहिलो.

हरकतीला तीस दिवस. सोबत वापराचा पुरावा.
म्हणून पाचव्या रात्री मी घरी गेलो नाही.
बॅटरी, वही, दोन पेनं.
दोनला दार उचललं.
पाणी जुन्या चारीनं येरळेच्या वाळूकडं निघालं,
आधी आवाज, मग चमक.
एक साळिंदर आलं, ते लिहिलं.
मायाप्पाची मेंढरं आली, अंदाजे साठ, तेही लिहिलं.

मग बांगड्या वाजल्या.

ऊसतोडीच्या तळावरच्या बाया,
सात-आठ, की जास्त,
एकमेकींच्या मागं, दबक्या हसत,
बादल्या, साबणाची वडी, एकीच्या कडेवर झोपलेलं पोर.
दिवसभर फडात मुकादम, रस्त्यावर ट्रॅक्टर,
अंग धुवायला अख्ख्या शिवारात
एवढाच एक अंधार.
एकीनं लुगड्याची गाठ सोडली
आणि माझ्या बोटाखाली बॅटरीचं बटण होतं.

बाजूला हुयाचं.

दादू, तुम्ही हे सांगायला हवं होतं.
नाही, सांगायला नकोच होतं.

बॅटरी खिशात टाकली. पाठ फिरवली.
बाभळीच्या बुंध्याकडं तोंड करून
तासभर उभा राहिलो,
शाळेत शिक्षा झाल्यासारखा,
आणि मागं पाणी अंगांवरून पडत होतं,
कोण तरी लातूरकडलं काही बोलत होती,
कोण तरी "गार हाय गं" म्हणत होती.

तीनला दार पाडलं.
अंधारातच लिहिलं, ओळ तिरकी गेली :
वापर, चालू.
नाव, विचारू नये.

हे टपालात घेतील का, ठाऊक नाही.
अजून सव्वीस दिवस आहेत.